फिल्मचं ‘सूप’ करताय? आधी ती ब्लीचची बाटली बाजूला ठेवा

‘घरच्या घरी फिल्म सूप’, म्हणजे कॅमेऱ्याचा रोल घरातल्या पदार्थांत भिजवून फोटोत चित्रविचित्र रंग आणायचे, हा मेसेज फिरत फिरत इंदूरला आमच्या लोकमान्य नगरात पोहोचला. भाचीने तो खरा मानून सामान जमवायला घेतलं, म्हणून हा खटाटोप. मेसेज म्हणतो: फोटो काढून झालेला रंगीत रोल उकळत्या पाण्यात हळद, लिंबू, थोडं ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर घालून रात्रभर बुडवा. अंधारासाठी बाथरूमच्या फटी बंद करा. सगळं नैसर्गिक, आणि सोनेरी छटा येते. मग कुठल्याही लॅबला द्या, सांगायची गरज नाही. कॉफीत तर रोल धुताही (म्हणजे त्यावरचं चित्र उमटवताही) येतो!

आधी ब्लीच. घरातलं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. लिंबाचा रसही त्याच जातीचा. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने सोडला तो हाच वायू. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणून वर उडून जात नाही, बादलीवर वाकलेल्या पोरीच्या नाकाशीच घुटमळतो. आणि हा उद्योग करायचा कुठे, तर दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेल्या बाथरूममध्ये! कहर म्हणजे तो अंधार लागतच नाही. रोल पूर्ण गुंडाळून डबीत गेला, की डबीच्या तोंडाची मखमली पट्टी उजेड अडवते आणि पाणी आत जाऊ देते. टेबलावर, उघड्या खिडकीशी बसून भिजवा ना. शिवाय ब्लीच जिलेटिन खातं आणि चित्र असतं त्या जिलेटिनच्याच थरात. छटा कसली, हातात कोरं प्लास्टिक येईल.

‘सगळं नैसर्गिक’ म्हणे. ते जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. नैवेद्याच्या पातेल्यात रोल उकळायला निघालेल्यांनी घरच्या आजीला आधी विचारावं.

हळदीची सोनेरी छटा? हळद पाण्यात फारशी विरघळत नाही, तळाशी बसते. राहिलाच डाग, तर तो निगेटिव्हवर. निगेटिव्हवर रंग उलटे असतात, तिथला पिवळा फोटोत निळा दिसतो, एवढं तरी मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं.

लॅबला न सांगणं हा तर शुद्ध चावटपणा. रंगीत रोल धुण्याच्या सी-४१ नावाच्या प्रक्रियेसाठी कोडॅकची पुस्तिका डेव्हलपरचं, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं, तापमान ३७.८ अंश सेल्सिअस सांगते, फरक ०.१५ अंशापर्यंतच चालतो, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. इतक्या नाजूक टाकीत तुमचं लिंबू-हळद उतरलं, तर मागून येणारे कुणाच्या तरी मुंजीचे रोल बिघडतात. बऱ्याच लॅब असे रोल घेत नाहीत, ते उगाच नाही.

कॉफीचं मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांतून डेव्हलपर बनवला. पुढे त्यात व्हिटॅमिन सीची भर पडली. पण ते भिजवणं नव्हे, धुणं आहे. सोड्याशिवाय नुसत्या कॉफीने काम होत नाही, आणि रंगीत रोल त्यात घातला तर चित्र कृष्णधवलच मिळतं.

फिल्म भिजवून गंमत करणारे लोक आहेत, त्यांचे काही फोटो सुरेखही असतात. करायचंच तर कोमट पाण्यात चहा किंवा भांड्यांचा साबण, एका वेळी एकच. नंतर साध्या पाण्यात खळबळून रोल नीट वाळू द्या आणि धुताना स्वतःची टाकी, स्वतःची रसायनं वापरा. लॅबलाच द्यायचा असेल, तर काय घातलंय ते पाकिटावर लिहा.