पोर्तुगीजांचा पूल टिकला, आपला पडला? जरा थांबा

काल शाळेच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला. गोव्यातल्या रायबंदरच्या रस्त्याचा फोटो, आणि खाली मजकूर असा की पोर्तुगीजांनी बांधलेला हा पूल पावणेचारशेहून जास्त वर्षं उभा आहे आणि आपण बांधलेला मांडवीचा पूल वीस वर्षंसुद्धा टिकला नाही. खाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणाऱ्यांतले निम्मे माझ्याबरोबर त्याच मांडवीच्या पुलावरून शाळेत जायचे, म्हणून जरा जास्तच राग आला. तिथे दोन ओळी लिहिल्या, पुरल्या नाहीत, म्हणून इथे लिहिते.

५ जुलै १९८६. शनिवार. मी आठवीत होते, घर पर्वरीला. शेजारच्या काकी कुंपणापाशी येऊन आईला ओरडून म्हणाल्या, ‘वयनी, पूल मोडलो!’ आईला आधी वाटलं ओहोळावरचा साकव गेला, पावसात जातोच. बाबा नदीपलीकडे पणजीत कचेरीत होते. घरात फोन नव्हता. रात्री कितीतरी उशिरा ते चिखलाने माखलेल्या पँटीत दारात आले तेव्हा आईने काही विचारलं नाही, आधी पाणी तापत ठेवलं.

त्यानंतर आमचं आयुष्य फेरीबोटीवर आलं. पणजीसमोरच्या बेतीच्या धक्क्याचा उतार आठवतो का कुणाला? शेवाळ धरलेला, त्यावर डिझेलचा तवंग. फेरीची पुढची फळी खडांग करून खाली पडायची आणि उतरणारे उतरायच्या आतच चढणारे घुसायचे. खलाशी शिव्या घालत दोर ओढायचा. छत्र्यांच्या काड्या डोळ्यांत जायच्या. मी दप्तर पोटावर धरायचे, कारण पाठीवर धरलं की मागच्याच्या छत्रीचं सगळं पाणी पुस्तकांवर. आणि मध्यावर आलं की सगळी फेरी एकाच बाजूला बघायची. पूल दिसायचा, मग नुसतं आभाळ, मग परत पूल. दररोज बघायचो, तरी दररोज मान वळायचीच.

आता त्या फॉरवर्डकडे येते.

रायबंदरचा तो बांध, पोन्त द लिन्यारिश, खरंच देखणा आहे. १६३० च्या दशकात लिन्यारिशचा काउंट व्हाइसरॉय असताना तो झाला. मिठागरं आणि खाजनातून (खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनीतून) तीन किलोमीटरच्या वर लांब, भरती-ओहोटीचं पाणी ये-जा करायला खाली कमानी. पण तो आहे कुठे? पणजी आणि रायबंदर, दोन्ही गावं मांडवीच्या एकाच काठावर! नदी तो ओलांडतच नाही. दगडावर दगड, सगळा भार खाली दाबणारा, पोटात लोखंड नाही. गंजणार काय?

आमचा पूल होता प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा. पाच-सहा पुस्तकं उभी शेजारी-शेजारी धरा, दोन्ही तळव्यांनी दाबा आणि उचला. मधली पुस्तकं पडत नाहीत, कारण तुम्ही दाबताय. पुलात ते दाबण्याचं काम काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारा करतात. तारा नळ्यांतून ओवतात आणि नळ्या सिमेंटच्या पातळ घोळाने भरतात. तो भरताना पोकळी राहिली, की खारी हवा आणि पाणी कुठून तरी आत शिरतं. ताणलेल्या तारेला गंज चढला तर ती हळूहळू वाकून इशारा देत नाही. तुटते. मांडवीच्या पुलाचं दुखणं हेच निघालं, आतल्या तारा गंजल्या होत्या. वरून रस्ता ठीक, कठडे ठीक, रंगही दिलेला असेल.

म्हणजे चूक झाली नाही असं नाही. झाली, आणि माणसांच्या जिवावर बेतली. पण ती ‘आपल्या लोकांना जमत नाही’ या जातीची नाही. समुद्राच्या तोंडाशी नव्या पद्धतीचा पूल बांधला आणि त्याच्या आत डोकावायची सोय ठेवली नाही, या जातीची आहे. ती आजही होऊ शकते.

आणि पोर्तुगीजांचं म्हणाल तर, ४५१ वर्षं होते ते इथे. पणजीला मांडवीवर पूल किती बांधले? एकही नाही. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय सैन्य बेतीला पोचलं आणि थांबलं, कारण समोर पणजी दिसत होती पण मध्ये नदी होती. बाणस्तारीला पूल होता, तर तो पोर्तुगीजांनी जाताना उडवून दिला. ते त्या फॉरवर्डमध्ये नसतं. कुडचडेचा पोर्तुगीजकालीन पूलही नसतो. तो वापरासाठी बंद होता. मे २०१७ मध्ये नदीत उडी घेतलेल्याचा शोध चाललेला बघायला लोक त्यावर जमले आणि पूल माणसांसकट खाली गेला. जुना म्हणून तो वाचला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पूल कुणी बांधला यावर आपण तासन् तास भांडतो आणि तो आज कसा आहे हे विचारत नाही. जुवारी नदीवरचा १९८३ चा पूल बघा. अवजड गाड्या बंद, ट्रक बोरीच्या पुलावरून, आणि आम्ही बसमध्ये बसून पूल हलतो की बस हलते हे ओळखायचा खेळ खेळायचो. कुणी कागद दाखवून सांगितलं नाही की बाबांनो, त्याची तब्येत अशी अशी आहे. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात नव्या पुलाच्या चार लेन उघडल्या तेव्हा कुठे श्वास सुटला.

अटल सेतूचं तर काय सांगायचं. २७ जानेवारी २०१९ ला उद्घाटन झालं, तेव्हाचे मुख्यमंत्री पर्रीकर आजारपणात नाकात नळी घेऊन आले होते, ते दृश्य कुणी विसरणार नाही. ५.१ किलोमीटर, तारांवर तोललेला, रात्री दिवे लागले की सुंदर दिसतो. (आम्हा स्कूटरवाल्यांना तो खालूनच बघायचा असतो, वर दुचाकीला बंदी.) पण त्याच्याही तारा पोलादाच्या आहेत आणि खालचं पाणी तेच खारं आहे. त्या तारा कधी तपासल्या, काय सापडलं, हे दरवर्षी एका पानावर मराठी-कोकणीत छापून पुलाच्या तोंडाशी लावायला किती खर्च येतो? लिफ्टमध्येसुद्धा तपासणीची तारीख लावलेली असते.

आणि दुसरं, आजच्या पुलांपाशी एक पाटी हवी. ‘५ जुलै १९८६’, एवढंच. माझ्या मुलीचं कॉलेज पणजीत, रोज ती तिथून जाते. परवा तिला सांगितलं तर म्हणाली, ‘आई, पूल पडला म्हणजे दुरुस्तीला बंद होता ना?’

बेतीची फेरी अजून चालू आहे. यंदा ५ जुलैला मी पणजीच्या धक्क्यावरून तीच पकडणार आहे. आणि तेव्हाच्या रांगेचा फोटो कुणाकडे असेल तर खाली टाका. बाबांची निळी छत्री, दांड्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. दिसली तर मला टॅग करा.