क्रूझवरचे सात दिवस आणि सहा महिन्यांची मेहनत: त्या मेसेजला उत्तर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की एक मेसेज ठाण्यातल्या सोसायट्यांच्या आणि मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा मला तो चार जणांनी पाठवला. मथळा: ‘क्रूझला जाताय? सहा महिन्यांची मेहनत समुद्रात!’ खाली पाच मुद्दे. सात दिवस व्यायाम बुडाला की सहा महिन्यांचा फिटनेस जातो. माणूस चार-पाच किलो वाढवूनच जहाजावरून उतरतो. जहाजावर व्यायामाला जागाच नसते. कुटुंबाच्या सहलीत व्यायाम करणं म्हणजे घरच्यांचा वेळ चोरणं. आणि तरीही गेलात, तर परतल्यावर तीन दिवस फक्त ज्यूस आणि दुप्पट व्यायाम.

मी हा मेसेज सोडून दिला असता. पण उपवन तलावावरच्या आमच्या ग्रुपमधल्या एक काकू तो वाचून धास्तावल्या. वय ६३, मधुमेह, आणि दोन वर्षं एकही दिवस न चुकवता चालून त्यांनी साखर आटोक्यात आणलेली. मुलाने सगळ्या घराचं क्रूझचं बुकिंग केलंय, आणि काकू म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी.’ नातवंडांबरोबरची पहिली मोठी सहल त्या एका फॉरवर्डपायी सोडणार असतील, तर उत्तर द्यायलाच हवं. मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं धावतेय, ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर धावले आहे, आणि गेल्या वर्षी सासूबाई, दीर-जाऊ आणि मुलांसह मुंबई-लक्षद्वीप-मुंबई असा चार रात्रींचा जहाजाचा प्रवास केला आहे.

पहिला मुद्दा, सहा महिन्यांचा फिटनेस सात दिवसांत जातो, हा. व्यायाम थांबल्यावर दम किती वेगाने उतरतो, हे मोजून झालेलं आहे. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षानुवर्षं सराव केलेल्या खेळाडूंचा व्यायाम पूर्ण बंद ठेवला होता. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे धावणारे ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात ती, २१ दिवसांत ७ टक्क्यांनी घटली. ५६ दिवसांनंतर ती १६ टक्के खाली येऊन स्थिरावली. तीन आठवडे काहीच न करता ७ टक्के! एका आठवड्यात सहा महिने कुठून जाणार? सुट्टीनंतरच्या पहिल्या धावेत धाप लागते, त्याचं एक कारण रक्तातल्या द्रव भागाचं प्रमाण काही दिवसांतच थोडं कमी होतं, हे आहे. सराव पुन्हा सुरू केला की ते लवकर भरून येतं.

आणि क्रूझवर काहीच करायचं नाही, असं कुणी सांगितलं? १९८१ च्या एका अभ्यासात लोकांनी आठवड्याचे सहा दिवस व्यायाम करून दम कमावला, मग तो दोन दिवसांवर आणला, मात्र त्या दोन दिवसांचा जोर तेवढाच ठेवला. १५ आठवडे त्यांचा दम टिकून राहिला. ताकदीचंही तसंच आहे. २०११ च्या अभ्यासात विशी-तिशीतल्यांनी मूळ व्यायामाच्या नवव्या हिश्श्यावर ३२ आठवडे कमावलेलं राखलं. साठीच्या पुढच्यांची ताकद बरीचशी टिकली, पण स्नायूंचा आकार उतरला. वय वाढेल तसं थोडं जास्त करावं लागतं, एवढं त्यातून घ्यायचं.

पण काकूंच्या भीतीत एक खरा भाग आहे आणि तो मी लपवणार नाही. चालण्यामुळे इन्सुलिनचं काम सुधारतं, तो परिणाम साधारण एक ते तीन दिवसच राहतो. म्हणून मधुमेहींनी सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये, असं डॉक्टर सांगतात. त्यांच्यासाठी आठवड्यातले दोन दिवस पुरेसे नाहीत, रोज थोडं हवंच. ते थोडं कधी करायचं, हेही ठाऊक आहे. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली मधुमेहींवर झालेल्या अभ्यासात रोज एकदा कधीही ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक मोठ्या जेवणानंतर १० मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर जास्त खाली राहिली. जहाजावर जेवणाचा हॉल आणि डेक यांच्यात काही जिनेच काय ते असतात. काकू, यापेक्षा सोयीची जागा उपवनलाही नाही! फक्त इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा.

वजनाचा मुद्दा हिशेबानेच खोडता येतो. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. चार किलो चरबी चढवायची तर ३०,८०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त, म्हणजे सात दिवस रोज ४,४०० जास्तीच्या. वडापाव ३०० कॅलरीचा धरला तर नेहमीच्या जेवणावर रोज जवळजवळ १५ वडापाव. बुफेवर कितीही ताव मारला तरी इतकं होत नाही. मग काटा तीन किलो जास्त का दाखवतो? बरंचसं पाणी असतं. भात, पाव, गोड जास्त खाल्लं की शरीर साखरेचा साठा भरून ठेवतं आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. हॉटेलच्या जेवणातलं मीठ त्यात भर घालतं. मी उतरले तेव्हा २.४ किलोने जास्त होते, आठव्या दिवशी अर्धा किलो उरला. तो अर्धा किलो खरा होता, आणि त्यात रोज दुपारची कॅरॅमल कस्टर्ड होती, हेही मान्य.

जागा नसते, हे मात्र जहाज न पाहिलेल्या माणसानेच लिहिलेलं असणार. मोठ्या प्रवासी जहाजांवर सहसा जिम असतं, आणि वरच्या डेकवर चालण्या-धावण्याचा पट्टा असतो. फेरी लहान असते, म्हणून किती फेऱ्यांचा एक मैल होतो ते पुष्कळदा तिथेच लिहिलेलं असतं. जहाजाच्या काही खोडी मात्र आधी कळलेल्या बऱ्या.

डेक पहाटे धुतात, तेव्हा लादी निसरडी असते. पहिल्या दिवशी मी साडेपाचला गेले आणि वळणावर पाय सरकता सरकता वाचला. सहानंतर जावं. जीपीएसच्या घड्याळावर विश्वास ठेवू नये. जहाज १६ नॉट म्हणजे ताशी जवळपास ३० किलोमीटर वेगाने जात असेल, तर घड्याळ तुमच्या पावलांत जहाजाचाही वेग मिसळतं. माझ्या २० मिनिटांच्या धावण्याचे त्याने १० किलोमीटर दाखवले. वेळ आणि नाडी एवढंच बघायचं. जिम बऱ्याच जहाजांवर वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला असतं, आणि जहाजाची वर-खाली झुल तिथेच जास्त जाणवते. लाटा असतील त्या दिवशी ट्रेडमिल सोडून द्यावा. मळमळत असेल तर मधल्या भागात यावं आणि क्षितिजाकडे बघत सावकाश चालावं. जिममधून बाहेर पडल्यावर साबणाने हात धुवावेत. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर फारसं चालत नाही.

आणि यातलं काहीच जमलं नाही तरी केबिन आहे. पलंग आणि टेबलाच्या मधल्या पट्टीत सतरंजीएवढी जागा निघते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, शाळाशाळांतून ते रुजवले. त्याला ना आखाडा लागतो ना साहित्य. १२ नमस्कार, २० बैठका, पलंगाच्या कडेवर हात टेकून १० जोर, एक रबरी पट्टा. १५ मिनिटांत संपतं. लिफ्टसमोर जेवणाच्या वेळी गर्दी असते, तेव्हा जिने चढा. मी चार दिवस लिफ्टमध्ये फक्त सामानासह पाऊल टाकलं.

चौथा मुद्दा, घरच्यांचा वेळ चोरण्याचा. याचा मला सगळ्यात राग आला, कारण हे वाक्य बायकांना जास्त लागतं. घरी मी पाचला उठून धावायला जाते, कारण सहानंतर दोन डबे, दूध, सासूबाईंची गोळी, मुलीची शाळेची बस. वर्षाचे ३६० दिवस माझा व्यायाम सगळ्यांच्या गरजांच्या अलीकडे कसाबसा बसवलेला असतो. जहाजावर कुणाचा डबा नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदाच सकाळचे सात वाजलेले असताना माझ्याकडून कुणाला काही नको होतं. त्या वेळात मी २५ मिनिटं धावले तर कुणाचं काय चोरलं? नाश्त्याला सगळे साडेआठला भेटत होते.

याची दुसरी बाजूही मी बघितलीय. आमच्या धावण्याच्या ग्रुपमधले एक दादा सहलीतही रोज दोन तास सराव सोडत नाहीत, आणि घरचे नाश्त्याला त्यांच्यासाठी ताटकळतात. तसं करू नये. सुट्टीत मॅरेथॉनचा कार्यक्रम पूर्ण पाळायचा हट्ट धरला तर मेसेज खरा ठरेल. रोजची २५-३० मिनिटं ठरवायची, ती घरचे उठण्याआधी संपवायची, आणि बाकी दिवसाचं चालणं सगळ्यांबरोबर.

तेच आमच्याकडे सगळ्यात छान झालं. पहिल्या रात्री जेवणानंतर मी ७१ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन डेकवर निघाले. दुसऱ्या रात्री माझी मुलगी आणि पुतण्या फेऱ्या मोजायला आले. तिसऱ्या रात्री दीर आणि जाऊबाईही. घरी जेवण झालं की एक टीव्हीसमोर, एक मोबाइलवर, एक ओट्याशी. इथे काळोख्या समुद्रावर वारा, आणि सासूबाई मुलांना सांगतायत की त्या लहान असताना कोकणातल्या माहेरी बोटीनेच जायच्या, भाऊच्या धक्क्यावरून. १८ वर्षं मी त्या घरात आहे. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

लक्षद्वीपला मोठं जहाज बेटाजवळ लागत नाही, लहान होडीत उतरावं लागतं. होडी हलत असते, पाय उचलून टाकावा लागतो. सासूबाईंनी ते दोन माणसांच्या हाताला धरून, पण स्वतःच्या पायांवर केलं. निघण्याआधी सहा आठवडे मी त्यांच्याकडून रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस करून घेतली होती. सहलीत व्यायाम कशासाठी, असं विचारणाऱ्यांना मी ती होडी दाखवेन.

राहिला शेवटचा मुद्दा, तीन दिवस ज्यूस आणि दुप्पट व्यायाम. मधुमेहींनी हे अजिबात करू नये. नुसता फळांचा रस साखर झरझर चढवतो, आणि औषध तेवढंच ठेवून जेवण तोडलं तर ती धोकादायक खालीही जाऊ शकते. बाकीच्यांनी घरचं वरण-भात-भाजी सुरू करावी, आठवडाभर काट्यावर उभं राहू नये, आणि पहिले दोन दिवस सावकाश धावावं. एकदम दुप्पट केल्याने दुखावलेली पोटरी तीन आठवडे घरी बसवते, आणि तेवढा खंड क्रूझने पडत नाही.

काकूंना मी हे सगळं तलावाला तीन फेऱ्या मारता मारता सांगितलं. बुकिंगचे उरलेले पैसे शनिवारपर्यंत भरायचे आहेत. काल सकाळी त्यांनी बूट उलटा करून मला तळ दाखवला आणि विचारलं, ओल्या डेकवर हा धरेल का? टाचेकडे नक्षी पार झिजली होती. नवे घ्या म्हटलं, आणि निघण्याआधी दोन आठवडे इथेच घालून चाला.