‘रिकव्हर्ड फोल्डर बिनधास्त उडवा’ म्हणणारा मेसेज पाळू नका, निदान पीएसटीची, म्हणजे आउटलुकच्या मेल साठवणाऱ्या फाइलची, कॉपी काढेपर्यंत तरी

हा मेसेज मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. तो म्हणतो की आउटलुकमध्ये एकच फोल्डर दोन-तीनदा दिसत असेल तर नावात ‘रिकव्हर्ड’ किंवा ‘इम्पोर्ट’ असलेले सगळे फोल्डर उडवा, मेल सर्व्हरवर असतातच, काही कमी वाटलं तर परत इम्पोर्ट मारा (जुन्या फाइलमधले मेल आत ओढा), उरलेले डुप्लिकेट आउटलुकचं ‘क्लीन अप फोल्डर’ हे बटण काढून टाकेल, आणि आउटलुकऐवजी थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम असेल तर मेलच्या सगळ्या फाइल डिलीट करा, त्या आपोआप परत बनतात.

माझ्या ओळखीच्या एका छोट्या अकाउंट्सच्या ऑफिसात गेल्या वर्षी कोणीतरी असंच सांगितलं म्हणून त्यांनी उडवलं, डिलीटेड आयटम्सही रिकामं केलं, आणि मग कळलं की चार वर्षांचे पाठवलेले मेल फक्त त्याच फोल्डरमध्ये होते. क्लायंटला फोन करकरून ‘आम्ही पाठवलेला मेल जरा आम्हालाच फॉरवर्ड करा ना’ म्हणायची वेळ आली. म्हणून हे सविस्तर लिहितोय. क्लासिक आउटलुकबद्दल बोलतोय, नव्या आउटलुकचं गणित वेगळं आहे.

आधी ‘मेल सर्व्हरवर असतातच’ हे बघू, कारण बाकी सगळं ह्याच्यावर उभं आहे. आयमॅप किंवा एक्स्चेंजचं अकाउंट असेल, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात असं, तर हे बऱ्यापैकी खरं आहे, तिथे कॉम्प्युटरवरची ओएसटी फाइल ही सर्व्हरची नक्कल असते, गेली तर परत तयार होते. पण पॉप अकाउंट असेल, म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं, तर सर्व्हरवरून फक्त इनबॉक्स खाली उतरतो, आणि सेटिंगमध्ये ठरावीक दिवसांनी सर्व्हरवरची कॉपी काढून टाका असं टिक असेल तर तोही तिथे राहत नाही. पाठवलेले मेल, तुम्ही स्वतः बनवलेले फोल्डर, सगळं तुमच्या पीएसटी फाइलमध्ये. आपलं कुठलं आहे ते बघायला फाइल, मग अकाउंट सेटिंग्जमध्ये जा, ईमेल टॅबवर अकाउंटचा प्रकार लिहिलेला असतो आणि डेटा फाइल्स टॅबवर फाइल कुठे आहे ते. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मेसेजमध्ये ह्याचा उल्लेखच नाही ही मला सगळ्यात गंभीर चूक वाटते.

आता ‘रिकव्हर्ड’ फोल्डर. हे येतात कुठून? पीएसटी खराब झाली की आपण स्कॅनपीएसटी म्हणजे इनबॉक्स रिपेअर टूल चालवतो, ते फाइलचा सांगाडा नव्याने उभा करतं, आणि मग डावीकडे ‘रिकव्हर्ड पर्सनल फोल्डर्स’ दिसू शकतं. त्याच्या आतले इनबॉक्स, सेंट वगैरे बहुतेक वेळा रिकामेच असतात, म्हणून लोकांना वाटतं की डुप्लिकेट आहे, कचरा आहे. पण त्याच्याच खाली ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाचा फोल्डर असतो, आणि ज्या मेलची मूळ जागा टूलला सापडली नाही ते सगळे तिथे पडलेले असतात! म्हणजे ज्याच्यासाठी रिपेअर केलं तेच आपण रिकाम्या फोल्डरांबरोबर फेकून देतो. बरोबर पद्धत अशी की नवी पीएसटी बनवायची, लॉस्ट अँड फाउंडमधलं सगळं ओढून तिच्यात टाकायचं, मेलचा आकडा जुळतोय का बघायचं आणि मगच ते रिकव्हर्ड काढायचं.

परत इम्पोर्ट मारा हे तर उलटंच आहे, बहुतेकांचे डुप्लिकेट मुळात तिथूनच आलेले असतात. इम्पोर्ट करताना विझार्ड तीन पर्याय विचारतो: डुप्लिकेटच्या जागी नवीन आयटम टाका, डुप्लिकेट होऊ द्या, किंवा डुप्लिकेट इम्पोर्ट करू नका. आपण घाईत नेक्स्ट नेक्स्ट करतो. आणि इम्पोर्ट करायची गरज असतेच असं नाही, जुनी पीएसटी नुसती ओपन करता येते, ती डावीकडे वेगळी दिसते आणि काम झालं की राइट क्लिक करून क्लोज करायची, क्लोज केल्याने फाइल डिस्कवर तशीच राहते. अजून एक, आयमॅप अकाउंटच्या फोल्डरमध्ये इम्पोर्ट केलंत तर ते सगळे मेल सर्व्हरवर चढतात, म्हणजे फोनवरही डबल.

जीमेलवाल्यांनी इथे जास्त सांभाळा. तिथे लेबल म्हणजेच आयमॅपचा फोल्डर, त्यामुळे एकच मेल इनबॉक्समध्ये, तुमच्या लेबलमध्ये आणि ऑल मेलमध्ये असा तीनदा दिसतो, पण तो एकच आहे. त्यातला एक ‘जास्तीचा’ म्हणून ट्रॅशमध्ये हलवला की तो सगळीकडून जातो, आणि ट्रॅश ३० दिवसांनी साफ होतं.

क्लीन अप फोल्डर डुप्लिकेट काढायचं बटण नाही. एखाद्या संभाषणातला जुना मेल पुढच्या उत्तरात पूर्ण आलेला असेल तर तो जुना हटवणं एवढंच त्याचं काम. इम्पोर्टमुळे डबल झालेले ओळखायला लिस्टमध्ये ‘मॉडिफाइड’ (शेवटचा बदल कधी झाला) कॉलम घ्या आणि त्याच्यावर सॉर्ट करा, मूळ मेल आणि इम्पोर्टने आलेले ह्यांच्या तारखा सहसा वेगळ्या पडतात, मग एक गठ्ठा निवडून काढता येतो.

थंडरबर्डबद्दल अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असलेलं जास्त महाग पडतं. तिथे प्रत्येक फोल्डरच्या दोन फाइल असतात, एक एमएसएफ एक्स्टेन्शनची, ती फक्त इंडेक्स म्हणजे मेलची यादी, थंडरबर्ड बंद करून ती काढली तर खरंच परत बनते. दुसरी त्याच नावाची पण एक्स्टेन्शन नसलेली, तिच्यातच तुमचे मेल आहेत. लोकल फोल्डर्समधली, म्हणजे फक्त कॉम्प्युटरवर असलेल्या फोल्डरांमधली, ती दुसरी फाइल उडवलीत तर परत बनवायला कुठेच काही नाही. आणि इंडेक्ससाठी फाइलला हात लावायचीही गरज नाही, फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच उडवलंय त्यांनी आत्ता आउटलुक बंद करा, पीएसटी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, आणि मगच उघडून डिलीटेड आयटम्समध्ये बघा, ते रिकामं केलं नसेल तर फोल्डर अजून तिथेच असेल, तसाच उचलून जागेवर ओढून ठेवा.