चूक समजते, दुजाभाव समजत नाही

मी आर्सेनलवाला, म्हणजे इंग्लंडच्या त्या फुटबॉल क्लबचा चाहता. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणीतरी म्हणणारच की हा आपल्या टीमसाठी रडतोय. पण ज्या प्रकरणानं मला सगळ्यात जास्त चीड आणली, त्यात आर्सेनलचा एकही खेळाडू नाही.

सुरुवात मात्र आमच्याच मॅचपासून करतो. ३१ ऑगस्ट २०२४, ब्रायटनविरुद्ध आम्ही १-० नं पुढे. दुसरा हाफ नुकताच सुरू झालेला. फ्री किक घ्यायच्या वेळी डेक्लन राइसनं बॉल पायानं जरासा सरकवला, ब्रायटनच्या वेल्टमनची लाथ बॉलऐवजी त्याच्या पायावर बसली, आणि पंच ख्रिस कावानानं राइसला दुसरं पिवळं कार्ड दाखवून बाहेर काढलं. नियमात बसतं का? बसतं. खेळ पुन्हा सुरू व्हायला उशीर केला की पिवळं कार्ड, नियम स्पष्ट आहे. पण त्याच मॅचच्या पहिल्या हाफमध्ये बॉल लाइनबाहेर गेल्यावर ब्रायटनच्या जुआव पेद्रोनं तो लांब लाथाडला होता. त्याला काही नाही. पुढे बरोबरीचा गोल कोणी केला? पेद्रोनंच. मॅच १-१.

तीन आठवड्यांनी मँचेस्टर सिटीच्या मैदानावर तेच. बॉल लांब मारला म्हणून आमच्या ट्रोसार्डला दुसरं पिवळं, बाहेर. त्याच मॅचमध्ये आधी सिटीच्या डोकूनं बॉल मारला तेव्हा पंच मायकल ऑलिव्हरचा हात खिशाकडे गेला नाही. दहा जणांनी अख्खा दुसरा हाफ किल्ला लढवला आणि ९८व्या मिनिटाला सिटीच्या स्टोन्सनं २-२ केलं.

पंच चुकतो, हे मला मान्य आहे. आमच्या कोल्हापुरात पेठेच्या मॅचला मी लाइनवर झेंडा घेऊन उभा राहिलोय. ऑफसाइड पकडायला अर्धा सेकंदही मिळत नाही आणि मागून अख्खी तालीम ओरडत असते. म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा चांगला गोल ऑफसाइड म्हणून गेला, तेव्हाही मी पंचांना शिव्या घातल्या नाहीत. व्हीएआरवरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या, डॅरेन इंग्लंड या पंचाला वाटलं की मैदानावर गोल दिलाय, म्हणून त्यानं तपासणी पूर्ण झाल्याचं कळवलं आणि खेळ पुढे गेला. भयंकर चूक. पण ती चूक होती, पंचांच्या संघटनेनं ती कबूल केली आणि संभाषणाचं रेकॉर्डिंगही सगळ्यांना ऐकवलं.

आता मार्च-एप्रिल २०२३ चे पाच आठवडे बघा.

५ मार्च. ॲनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, मँचेस्टर युनायटेड ०-७ नं हरलं त्या मॅचमध्ये त्यांच्या ब्रुनो फर्नांडिसनं सहायक पंचाला हातानं ढकलल्याचं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. एफएनं, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं, कारवाई केली नाही. १९ मार्च. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर एफए कपची मॅच, पाहुणे फुलहॅम १-० नं पुढे. हँडबॉलवरून फुलहॅमचा विलियन बाहेर, कोच मार्को सिल्वा बाहेर, आणि त्यांच्याच मित्रोविचनं पंच कावानाला धरून ढकललं म्हणून तोही बाहेर. मित्रोविचला ८ मॅचची बंदी. ९ एप्रिल. पुन्हा ॲनफिल्ड, या वेळी आर्सेनलशी मॅच. हाफ टाइमला लिव्हरपूलचा रॉबर्टसन सहायक पंचाशी बोलायला गेला, तर पंचाचंच कोपर त्याच्या हनुवटीकडे गेलं. पंचानं माफी मागितली, मुद्दाम केलं नाही म्हणाला. एफएनं पुढे काहीच केलं नाही. त्या प्रसंगात पिवळं कार्ड मिळालं ते रॉबर्टसनला!

मित्रोविचची शिक्षा मला जास्त वाटत नाही. पंचाच्या अंगाला हात लावणाऱ्याला सोडूच नये, गावोगावच्या मैदानांवर शिट्टी घेऊन उभं राहणाऱ्या पोरांसाठी तरी. त्याचा प्रकार ब्रुनोपेक्षा गंभीर होता हेही खरं. पण एकाला ८ मॅच आणि दुसऱ्याला शून्य? अंगाला हात लावायचा नाही ही रेघ असेल, तर ती ब्रुनोलाही लागू हवी, आणि पंचाचं कोपर चाललं तर पंचालाही.

पॉइंट कापण्यातही हाच घोळ. एव्हर्टन क्लबनं प्रीमियर लीगनं ठरवलेली तोट्याची मर्यादा १.९५ कोटी पौंडांनी ओलांडली, १० पॉइंट गेले, अपिलात ६ झाले. नॉटिंगहॅम फॉरेस्टनं ३.४५ कोटींनी ओलांडली, ४ गेले. फॉरेस्टनं चौकशीला सहकार्य केलं, ते ठीक. पण कितीला किती, हे लीगनं आधी ठरवूनच ठेवलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. एफए कोणाला शिक्षा करते तेव्हा आयोगाची कारणं पानंच्या पानं लिहून प्रसिद्ध होतात. रॉबर्टसनच्या प्रकरणात मात्र, सगळे पुरावे पाहिले, पुढे कारवाई नाही, एवढ्यावर विषय संपला. काय पाहिलं, कोणत्या निकषावर सोडलं, काही नाही. तीन आठवड्यांपूर्वीच्या मित्रोविचपेक्षा हे वेगळं का, हे फुलहॅमवाल्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. एक पान पुरलं असतं.