नकार नेमका कोणाचा? ‘गाडी चार्ज होत नाही’ या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

इलेक्ट्रिक गाडी चार्ज व्हायला नकार देते, तेव्हा अडचण गाडीत आहे की वीज देणाऱ्या बाजूला, हे मालकाने आधी स्वतः तपासून पाहावे, असे मी त्या लेखात सुचवले होते. आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपले आक्षेप तीन आहेत. मालकाने स्वतः तपासत बसण्यापेक्षा गाडी थेट सर्व्हिस सेंटरला न्यावी, कारण स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड दिसतो आणि प्रश्न मिटतो, हा पहिला. शेकडो व्होल्टच्या मुख्य बॅटरीचा मी १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीशी जोडलेला संबंध ओढूनताणून आणलेला आहे, हा दुसरा. घरच्या सॉकेटला अर्थिंग मिळत नाही अशी तक्रार करून चार्जिंग थांबवणे हा केबलचा फाजील सोवळेपणा असून, एक साधा ॲडॅप्टर मध्ये लावल्यावर आपली गाडी व्यवस्थित चार्ज होते, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोन बाबतींत मतभेद परवडतो, इथे परवडत नाही. घरच्या सॉकेटला लावायच्या केबलवर जी पेटी असते, ती वीज पुढे सोडण्यापूर्वी अर्थिंग तपासते आणि ते न मिळाल्यास थांबते. चार्जिंगसाठी लागणारा प्रवाह फेज आणि न्यूट्रलमधून वाहतो, त्यामुळे भिंतीतल्या अर्थची तार नसली तरी गाडी चार्ज होऊ शकते. म्हणूनच ‘चार्ज होते’ हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. अशा पेटीची फसवणूक करणाऱ्या ॲडॅप्टरमध्ये अनेकदा न्यूट्रललाच अर्थच्या जागी जोडलेले असते, आणि मग सॉकेटच्या मागे न्यूट्रलचा एखादा सांधा सुटला, तर गाडीचा सगळा पत्रा विजेने भारला जातो. ओल्या जमिनीवर उभे राहून दार उघडणाऱ्याला त्याची कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही. तो ॲडॅप्टर आजच काढावा आणि जाणकार इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावे, एवढी आग्रहाची विनंती.

आता १२ व्होल्टची गोष्ट. गाडी उभी असताना मुख्य बॅटरी बाकीच्या यंत्रणेपासून तोडलेली असते. तिला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे विद्युतचुंबकीय स्विच, आणि ते केव्हा मिटवायचे (म्हणजे जोडणी पूर्ण करायची) हे ठरवणारे नियंत्रक, हे बहुतेक गाड्यांमध्ये १२ व्होल्टवर चालतात. एकदा ते मिटले की छोटी बॅटरी मुख्य बॅटरीतून भरली जाते; पण मिटण्यासाठी लागणारा पहिला जोर छोट्या बॅटरीलाच द्यावा लागतो. शिसे-आम्ल प्रकारची चांगली भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि १२ च्या खाली गेली की तिचा भरवसा धरू नये. गन, म्हणजे चार्जिंग केबलच्या टोकाचा जोड, गाडीला लावल्यावर नुसता ‘टक’ आवाज येऊन सगळे शांत होणे, किंवा एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सात सूचना पडद्यावर एकदम झळकणे, ही तिच्या अशक्तपणाची नेहमीची लक्षणे होत.

या झळकणाऱ्या सूचनांमुळेच आपला पहिला आक्षेप मला पुरता मान्य होत नाही. कोड सांगतो तो गडबड कोणत्या नियंत्रकाच्या लक्षात आली एवढेच. ती कुठे सुरू झाली हे त्याला माहीत असेलच असे नाही. सैल सॉकेटमुळे किंवा लांबलचक, बारीक तारेमुळे भार पडताच व्होल्टेज खाली आले, तर कोड ऑनबोर्ड चार्जरच्या (बाहेरून आलेल्या एसी विजेचे बॅटरीसाठी डीसीत रूपांतर करणाऱ्या गाडीतल्या भागाच्या) नावाने नोंदला जाऊ शकतो, आणि घाईचा कारागीर तोच महागडा भाग बदलायला निघतो. त्याहून जास्त वेळा घडणारा प्रकार असा, की गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, तिथल्या चार्जरला लावली, ती मुकाट्याने चार्ज झाली आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आली.

चार्जिंग सुरू होणे हा दोन्ही बाजूंच्या संमतीचा मामला आहे. एसी चार्जिंगमध्ये पायलट तारेवर, म्हणजे गाडी आणि स्टेशन यांच्यातील इशाऱ्यांच्या तारेवर, गन मोकळी असताना १२ व्होल्ट असतात, गाडीला लावल्यावर ९ होतात, आणि गाडी ‘आता वीज घेते’ असे कळवते तेव्हा ६. याच तारेवरील स्पंदांच्या रुंदीवरून स्टेशन गाडीला प्रवाहाची कमाल मर्यादा सांगते: १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, सुमारे ५३ टक्के म्हणजे ३२. हे मालकाने मोजावे असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. पण स्टेशनचा दिवा ‘जोडले आहे’ इथवर येऊन अडला, तर बहुधा गाडीने मागणीच केलेली नसते. ठरवून ठेवलेली चार्जिंगची वेळ, आधीच गाठलेली ८० टक्क्यांची मर्यादा, अति थंड बॅटरी किंवा वर सांगितलेली छोटी बॅटरी यांपैकी काहीतरी आड आलेले असते. गन लावूनही स्टेशनला गाडी दिसतच नसेल, तर आधी गन, केबल आणि गाडीचे सॉकेट यांवर संशय घ्यावा.

म्हणून मी सुचवलेली तपासणी अदलाबदलीची आहे, पाना-पक्कड घेऊन करायची नाही. हीच गाडी दुसऱ्या ठिकाणी लावून पाहावी, आणि या ठिकाणी दुसरी गाडी. डीसी फास्ट चार्जिंगमध्ये वीज ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीकडे जाते; तेव्हा डीसीवर गाडी चार्ज होते पण एसीवर कुठेच होत नाही, असे आढळले तर ऑनबोर्ड चार्जर किंवा एसी सॉकेट हे पहिले संशयित. एवढी माहिती हातात घेऊन गेलेल्या मालकाला ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत पाठवणे सोपे नसते. स्कॅनरचे काम यानंतर सुरू होते, आणि ते मी नाकारलेले नाही.

मुख्य बॅटरीच्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलला किंवा तिच्या जोडांना हात लावू नये हे आपले म्हणणे मात्र शंभर टक्के मान्य आहे. सॉकेटची पिन तपकिरी पडली असेल, प्लास्टिक वितळल्याचा वास येत असेल किंवा विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा गळतीरोधक स्विच पुन्हा पुन्हा पडत असेल, तर अदलाबदलीचीही चाचणी करू नये. अशा वेळी आपण म्हणता तसे थेट सर्व्हिस सेंटर गाठावे, आणि स्विच घरचा असेल तर इलेक्ट्रिशियन आधी बोलवावा.