'मुंबईकरांना फक्त दंडुका कळतो' म्हणे! त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, तुमच्याकडेही आला असेलच. सार असं की मानसशास्त्राने म्हणे सिद्ध केलंय माणूस मेंढरू आहे, गर्दी करेल तेच करतो, मुंबईत सगळेच थुंकतात आणि कोणीच ऐकत नाही, तेव्हा जनजागृती म्हणजे पैशाचा चुराडा, सरळ दंड लावा नाहीतर दंडुका दाखवा. वर इंग्रजांच्या काळात साथ आली की लोक कसे सुतासारखे सरळ वागायचे, झोपडपट्टीवाल्यांना लसही कळत नाही, आणि 21 दिवस कडक वागलं की सवय लागतेच. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा. लिहिणाऱ्याचा संताप मला कळतो, जिन्यातली लाल पिचकारी बघून माझंही डोकं फिरतं, पण यातलं बरंचसं चूक आहे आणि जे अर्धं बरोबर आहे त्यातून निष्कर्ष नेमका उलटा काढलाय.

पहिलं ते मेंढरू. हे बहुतेक सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाच्या 1951 च्या प्रयोगावरून उचललंय. एका खोलीत काही जण, समोर एक रेघ, बाजूला तीन रेघा, कुठली तेवढ्याच लांबीची ते सांगायचं, एवढंच. एक जण सोडून बाकी सगळे ॲशने पढवलेले, मध्येमध्ये ठरवून चुकीचं उत्तर देणारे. फॉरवर्डवाले इथेच थांबतात. पुढचं बघा ना, त्या एकट्या माणसाने गर्दीच्या मागे जाऊन चुकीचं उत्तर दिलं ते साधारण एक तृतीयांश वेळा, म्हणजे उरलेल्या दोन तृतीयांश वेळा एकटा पडूनही तो बरोबरच बोलला, आणि जवळपास पाव लोक तर एकदाही बधले नाहीत. त्याहून भारी म्हणजे, खोलीत एक, फक्त एक माणूस जरी खरं बोलणारा ठेवला तरी गर्दीचा जोर धाडकन उतरला. हे मुंबईत कोणी बघितलं नाही असं नाही. कोविडमध्ये लोकलच्या डब्यात सगळे गप्प उभे, एकाचा मास्क हनुवटीवर, आणि एखादी मावशी बोलली "ओ दादा, वर घ्या की जरा", की लगेच मागून दोन आवाज यायचे "हो ना, किती वेळ बघतोय". तेच दोघे पाच मिनिटं तोंडातून चकार शब्द काढत नव्हते.

आता दंड. मास्क सक्ती आपल्याकडे एप्रिल 2020 मध्ये आली, पुढे दंड 200 रुपयांवर स्थिरावला, आणि तो वसूल करायला महापालिकेचे क्लीन-अप मार्शल स्टेशनबाहेर उभे राहायला लागले. तेव्हा काय व्हायचं आठवतंय का? पुलावरून उतरताना मार्शल दिसला की मास्क वर, त्याला ओलांडलं की मास्क खाली, दहा पावलांचा खेळ सगळा. दंडाची भीती खरी होती पण ती मार्शलला चिकटलेली होती, व्हायरसचा तिच्याशी काही संबंध नव्हता. इस्रायलच्या हैफा शहरात 10 पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता, निष्कर्ष छापून आले 2000 साली. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशिरा येणारे कमी व्हायचे सोडून वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी बाई ताटकळत थांबल्यात याची लाज वाटायची, आता पैसे भरले की विषय संपला. दंड काढून घेतल्यावरही उशीर काही कमी झाला नाही, गेलेली लाज परत आली नाही.

याचा अर्थ दंड कधीच चालत नाही असं मी म्हणत नाहीये, कृपया तसा स्क्रीनशॉट फिरवू नका. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायला 31 डिसेंबरला लावतात त्या नाकाबंदीने फरक पडलाच, कारण तिथे पकडले जाण्याची शक्यता खरंच मोठी असते. पण त्याबरोबर आणखी एक झालं, पार्टीला जाताना "परतताना कोण चालवणार" हा प्रश्न मित्रच मित्रांना विचारायला लागले. जिन्यात थुंकणाऱ्यामागे चोवीस तास पोलीस उभा करणार आहात का?

इंग्रजांच्या शिस्तीचा मुद्दा वाचून तर मी हसलोच, कारण हा दंडुका याच शहरात वापरून झालाय आणि तो कसा फसला ते सगळं नोंदलेलं आहे. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचं निदान झालं. मग घरझडत्या, रुग्णांना जबरदस्तीने हलवणं, सामान जाळणं. परिणाम काय, तर लोकांनी आजारी माणसं लपवली, त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला, पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती गाव गाठायला पळाली आणि जाताना प्लेगही घेऊन गेली. पुण्यात जून 1897 मध्ये प्लेगची सक्ती राबवणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, मार्च 1898 मध्ये मुंबईत प्लेगच्या सक्तीवरून दंगल पेटली. त्यानंतर सरकारलाच पाय मागे घ्यावा लागला. ही ती शिस्त!

आणि त्याच वेळी त्याच शहरात दुसरी गोष्ट घडत होती जी फॉरवर्डवाल्यांना माहीतच नाही. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. लोकांचा तरी विश्वास बसेना, गोऱ्या सरकारची सुई म्हणजे काय काय असेल देव जाणे. तेव्हा खोजा समाजाचे इमाम आगाखान तिसरे, वय जेमतेम विशीचं, त्यांनी सगळ्यांदेखत लस टोचून घेतली आणि त्यांचे हजारो अनुयायी पाठोपाठ आले. दंडुका नाही की दंड नाही, आपल्यातल्या माणसाने घेतली हे डोळ्यांनी दिसलं. आज परळला जी हाफकिन संस्था आहे ती त्याच माणसाच्या नावाने.

म्हणून झोपडपट्टीवाल्यांना लस कळत नाही हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. 2022 मध्ये गोवंडीत गोवर पसरला, मुलं दगावली, आणि बिल्डिंगवाल्या ग्रुपवर लगेच "हे लोक अडाणी" सुरू झालं. अरे, रोजावर काम करणाऱ्या बाईला पोराला डोस द्यायला न्यायचं म्हणजे दिवसाची मजुरी जाते, डोसनंतर पोराला ताप आला तर दुसऱ्या दिवसाचीही, हे कोण बघणार? तेव्हा महापालिकेने काय केलं, मौलाना आणि वस्तीतल्या मानाच्या माणसांना बरोबर घेतलं. उत्तर प्रदेशात पोलिओच्या वेळीही तेच, दारं उघडली ती गल्लीतल्याच बायकांनी, आणि 2011 च्या जानेवारीनंतर देशात वाइल्ड, म्हणजे निसर्गात पसरणाऱ्या विषाणूमुळे होणाऱ्या, पोलिओची केस नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या खेड्यांत बॅनर्जी-दुफ्लो या अर्थतज्ज्ञ मंडळींनी तपासलं होतं: जिथे काहीच केलं नाही तिथे 6 टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण, ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं तिथे 18 टक्के, आणि शिबिराबरोबर प्रत्येक वेळी किलोभर डाळ आणि सगळे डोस झाले की थाळ्या दिल्या तिथे 39. हे 39 म्हणजे काही शंभर नाही, मान्य. पण डाळीने अक्कल वाढते असं तर नाही ना? येणं सोपं झालं, खेप वाया गेली नाही.

21 दिवसांचं दोन ओळींत उरकतो. तो आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून निघालेला, सवयींच्या अभ्यासातून नव्हे. फिलिपा लॅली या संशोधिकेने लंडनमध्ये सवय लागायला किती दिवस लागतात ते खरंच मोजलं तेव्हा सरासरी 66 दिवस आले, आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 पर्यंत.

राहिलं ते "दहा जणांना पाठवा", आणि खरी गोम इथेच आहे. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने ॲरिझोनातल्या एका नॅशनल पार्कमध्ये, जिथले लोक दगड झालेली लाकडं खिशात घालून न्यायचे, दोन प्रकारच्या पाट्या लावल्या. एकीवर, आजवर खूप लोकांनी लाकडं नेली आणि जंगलाचं रूप बदललं. दुसरीवर साधं, कृपया नेऊ नका. पहिल्या पाटीजवळ मुद्दाम ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास 8 टक्के चोरीला गेले, दुसरीजवळ 2 टक्केसुद्धा नाहीत. सगळेच करतात असं ओरडून सांगितलं की नवीन माणसाच्या कानात फक्त "सगळेच करतात" एवढंच शिरतं.

आता आपला फॉरवर्ड परत वाचा, मुंबईत सगळेच थुंकतात, कोणीच ऐकत नाही. तर जनजागृती फुकट म्हणणारे हे गृहस्थ स्वतःच जनजागृती करतायत, फक्त उलट्या बाजूची. सगळेच थुंकतात हेही खोटं, पन्नास जण त्या जिन्यातून गुपचूप जातात आणि दोघे पिचकारी मारतात, पण डाग दोघांचेच दिसतात. तिथे देवाच्या टाइल्स लावून बघितल्याच आहेत सगळ्यांनी, टाइल संपते तिथून सव्वा इंचावर पिचकारी सुरू होते. त्यापेक्षा डाग त्याच दिवशी पुसून भिंत रंगवून घ्या आणि ग्रुपवर टाकायचंच असेल तर किती घरं ओला-सुका कचरा वेगळा देतात तो खरा आकडा टाका, पण तो निम्म्याहून जास्त असेल तरच.