वाडा असा जपा

नागपूरच्या महाल भागात तुमचा वाडा असेल तर आधी अभिनंदन. नसेल तर मामाचा असेलच. नागपुरात प्रत्येकाच्या मामाचा एक वाडा असतो आणि त्यात आता कुणी राहत नाही. हा वारसा जपायचा कसा, ते सांगतो.

सुरुवात रंगापासून करा. ओसरीतला सागवानी खांब कधी जवळून पाहिलात? खाली बैठक, वर केळफूल, मधे कुण्या सुताराने डोळे फोडून कोरलेली वेल. असं लाकूड उघडं ठेवणं बरं दिसत नाही. ऑइल पेंट मारा. एका दिवाळीत चॉकलेटी, ताईच्या लग्नात पिस्ता, पोराच्या मुंजीत सोनेरी. थरांवर थर चढले की वेल बुजते, केळफुलाचा कांदा होतो आणि पाहुणे म्हणतात, "काय मेंटेन केलं भाऊ!" आत कोंडलेल्या ओलीत वाळवीचा संसार सुखाने सुरू होतो, पण तो पाहुण्यांना दिसत नाही.

मग भिंत. जुना गिलावा चुन्याचा. चुना पावसात ओल घेतो, ऊन पडलं की सोडतो. हे येणं-जाणं बंद करा. वरून सिमेंट थापा. ओल आतच राहील, वीट भुसभुशीत होईल, काही पावसाळ्यांत पापुद्रे सुटतील. मग इंजिनिअरला बोलवा. तो टिचकी मारेल, मान हलवेल आणि 'इमारत धोकादायक' असा कागद देईल. तो लॅमिनेट करून ठेवा. वाड्यात जपण्यासारखी वस्तू तीच.

कठड्यातून पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, पाप लागतं. शहराच्या हेरिटेज यादीत वाड्याचं नाव आलं म्हणून घाबरायचंही कारण नाही. दुरुस्तीला परवानगी लागते, पडायला लागत नाही. त्यात वारस अकरा, एक पुण्यात, एक न्यू जर्सीत, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कौलं बदलायचा खर्च कुणी करायचा, हे ठरेपर्यंत पिंपळ आपलं काम उरकतो.

एक काळजी मात्र घ्या. वाड्यात कुणाला राहू देऊ नका. माणसं राहिली की वास्तू टिकते, हा मोठा धोका आहे. हेन्री मेड यांनी आखलेली हायकोर्टाची इमारत 1940 पासून उभी आहे, कारण तिथे रोज तारखा पडतात. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या जुन्या संग्रहालयात, अजून पोरं भुसा भरलेले प्राणी बघायला येतात. सीताबर्डीच्या किल्ल्याचं तर विचारूच नका. 1817 ची इंग्रज-भोसले लढाई तिथेच झाली. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि 26 जानेवारी, 15 ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच आपल्याला आत सोडतात. म्हणून त्याच्या तटावर अजून कुणाच्या प्रेमाचा बाण लागलेला बदाम नाही. आपण आत नसलो की वारसा किती छान राहतो, बघा.

जतनाचा खरा धडा घ्यायचा तर एम्प्रेस मिलकडून घ्या. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ही गिरणी. अर्ध्या नागपूरच्या चुली तिच्या भोंग्यावर पेटायच्या. गिरणी गेली, जागेवर मॉल आला, नाव मात्र एम्प्रेसच. बाकी काय राखायचं असतं?

तेव्हा वाडा पाडताना मन घट्ट करा. खांब भंगारवाल्याला देऊ नका, अडाणी दिसाल. हायवेवरच्या 'पारंपरिक जेवण'वाल्या हॉटेलाला विका. तिथे त्याला टेकून सेल्फी काढा आणि खाली लिहा, 'आमचा वारसा, आमचा अभिमान'. जागेवर जी सात मजली बिल्डिंग होईल तिला आजोबांचं नाव द्या, पुढे 'हेरिटेज' लावा. आणि बिल्डरशी पार्किंगचं आधीच बोलून घ्या, अकरा वारस आहात.